ऊद, वाळा आणि वेताच्या काड्या

आखातातल्या मराठी घरांत गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू दिसू लागली आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, चपलांच्या कपाटावर किंवा न्हाणीघरातल्या फळीवर काचेची एक लहानशी बाटली असते. तिच्यात दोन-तीन बोटे तेलासारखे काहीतरी असते आणि सहा-आठ बारीक काड्या तिच्या तोंडातून बाहेर डोकावत असतात. दुकानात तिला 'रीड डिफ्यूझर' म्हणतात. आपल्या बायकामंडळींनी तिचे नाव केव्हाच सोपे करून टाकले आहे, 'ती काड्यांची बाटली'. मीही या लेखात तेच नाव वापरणार आहे.

एवढ्याशा बाटलीवर इतिहासाचा लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याला कारणे दोन. घर सुवासिक ठेवण्याची रीत कोठून कोठे गेली हे पाहू लागलो की अरबी समुद्राचे दोन्ही काठ एकमेकांत इतके गुंतलेले दिसतात की 'आपले' कोणते आणि 'त्यांचे' कोणते, हे वेगळे काढणे अवघड होते. पोटापाण्यासाठी इथे येऊन राहिलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट माहीत असलेली बरी. दुसरे कारण अधिक घरगुती आहे. या बाटलीने आपल्या घरातली एक जुनी चाल, कोणाला न विचारता, बदलून टाकली आहे. काय बदलले ते इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही.

शब्दांची अदलाबदल

सुरुवात देवघरापासून करू. रोज देवापुढे आपण उदबत्ती लावतो. या शब्दातला 'ऊद' अरबी आहे. अरबीत 'ऊद' म्हणजे मुळात लाकूड किंवा काठी. त्या नावाचे तंतुवाद्यही आहे आणि त्याच नावाचे सुगंधी लाकूडही, ज्याला संस्कृतात 'अगरू' म्हणतात. देराच्या बाजारात ऊद मागितला तर दुकानदार काळपट लाकडाच्या ढलप्या पुढे करतो आणि किंमत ऐकून आपण परत ठेवतो. हाच ऊद पुण्यामुंबईच्या काष्ठौषधीच्या दुकानात मागा, तुमच्या हातात राळेचे खडे पडतील. निखाऱ्यावर टाकायचा तो आपला ऊद. शब्द आला, वस्तू बदलली.

लोबानाचेही तसेच. अरबीत 'लुबान' म्हणजे ओमानमधल्या धोफारच्या झाडांचा चीक. सुमात्रा-जावाकडून येणाऱ्या दुसऱ्याच एका राळेला अरब व्यापारी 'लुबान जावी', म्हणजे जावाचा लुबान, म्हणू लागले. युरोपीय जिभांवर त्याचे 'बेन्झॉइन' झाले आणि रसायनशास्त्रातल्या बेन्झीनचे नावही त्यातूनच निघाले. आपल्याकडे 'लोबान' हे नाव बहुधा या जावाच्या राळेलाच चिकटले.

'अत्तर' हाही मूळ अरबीच, सुगंध या अर्थाचा शब्द. 'गुलाब' मात्र फारसी. त्यातल्या 'गुल'चा अर्थ फूल आणि 'आब'चा पाणी, म्हणजे गुलाब हे फुलाचे नाव नसून गुलाबपाण्याचे नाव होते. आपण ते फुलाला दिले. जुना अर्थ मराठीत शाबूत राहिला आहे तो 'अत्तरगुलाब' या जोडशब्दात. बैठक संपताना पाहुण्याच्या मनगटावर लावायचे ते अत्तर आणि अंगावर शिंपडायचे ते गुलाब. या अत्तरगुलाबाकडे शेवटी परत यायचे आहे.

कार्ल्याचा गांधिक आणि उम्म अल कुवेनचे बंदर

हे शब्द हवेतून आले नाहीत, गलबतांतून आले. गलबतांचा हा रस्ता किती जुना आहे, याची एक खूण लोणावळ्याजवळ कार्ल्याला आहे. एकविरेच्या दर्शनाला गेलेल्या बहुतेकांनी शेजारचे चैत्यगृह पाहिलेले असते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते कोरताना अनेकांनी दाने दिली आणि प्रत्येकाचे नाव दगडात कोरले गेले. त्यांत धेनुकाकट गावचा सिंहदत्त नावाचा एक दाता आहे. त्याने चैत्याच्या दर्शनी दाराचा खर्च दिला. व्यवसाय लिहिला आहे 'गांधिक', म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. गांधी हे आडनाव याच शब्दाचे वंशज. एक अत्तरवाला लेण्याचे दार करून देण्याइतका सधन होता. त्याचा माल नुसत्या मावळातल्या गिऱ्हाइकावर खपत नसणार, हे उघड आहे.

त्याच शतकांच्या आसपास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' हे सागरी मार्गदर्शक उपलब्ध आहे. त्यात कल्याण आहे, पैठण आहे, तेर आहे आणि भडोच तर आहेच. भडोचहून मोठी जहाजे तांबे, सागवान, शिसवी आणि आबनूस भरून आखातातल्या 'ओमना' नावाच्या बंदराकडे जात आणि त्याच बंदरात दक्षिण अरबस्तानातला लुबान येई, असे तो लिहितो. हे ओमना नेमके कोठे, यावर अभ्यासकांत वाद आहे. काही पुरातत्त्वज्ञांच्या मते ते म्हणजे उम्म अल कुवेनमधले एद-दूर. शारजाहून रास अल खैमाकडे जाताना वाळूचे जे उंचवटे दिसतात, तिथल्या उत्खननात रोमन काचेबरोबर भारतीय बनावटीची भांडीही सापडली. ओमना तेच असो वा नसो, आपल्या किनाऱ्याची आणि या किनाऱ्याची देवघेव किती जुनी आहे हे तेवढ्यावरूनही स्पष्ट होते.

लुबानाची झाडे धोफारमध्ये आजही उभी आहेत. पावसाच्या मोसमात गाडी काढून सलालाला जाणारे आपले लोक कमी नाहीत. तिथल्या मोसमाला अरबीत 'खरीफ' म्हणतात, तोच आपला खरीप. तिथली लुबानाची झाडे आणि जुनी बंदरे २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

उलट दिशेने जाणारा माल म्हणजे चंदन आणि अगरू. चंदन दक्षिणेतले आणि अगरू आसामातला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोठारात घ्यायच्या मौल्यवान वस्तूंमध्ये चंदनाचे आणि अगरूचे प्रकार रंग-वासासह नोंदवले आहेत. आज अरबी मजलिशीत जो धूर मोठ्या मानाने फिरवला जातो, त्याचे एक मूळ ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आहे.

मराठीत लिहिलेले सुगंधशास्त्र

सुगंध हा आपल्याकडे नुसता व्यापार नव्हता, ते शास्त्र होते. त्याला 'गंधयुक्ति' असे नाव होते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत त्यावर एक अध्याय लिहिला. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण, मराठी मुलखाला लागूनच. राजाने भोगायच्या सुखांमध्ये त्याने धूपालाही जागा दिली आणि त्याचे चूर्ण, पिंड आणि वर्ती असे प्रकार सांगितले. वर्ती म्हणजे वात किंवा बत्ती. म्हणजे उदबत्तीतला 'ऊद' अरबी असला तरी 'बत्ती' घरचीच आहे.

मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो पुण्यातला एक शोध. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी हस्तलिखितांच्या ढिगातून भारतीय संस्कृतीच्या लहानसहान वस्तूंचा इतिहास शोधून काढला. गुलाबपाणी, अंबर, सुगंधी तेले असल्या विषयांवर त्यांनी लेखामागून लेख लिहिले. त्यांच्या हाती गंगाधराच्या 'गंधसार' या ग्रंथाबरोबर 'गंधवाद' नावाचे एक हस्तलिखित लागले आणि गंधवादावर मराठी टीका होती. गोड्यांनी तिचा काळ स्थूलमानाने १३५० ते १५५० यांच्या दरम्यान ठरवला. दोन्ही ग्रंथ, मराठी टीकेसह, १९८९ साली बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये छापले गेले.

याचा अर्थ असा की ज्ञानेश्वरीनंतरच्या दोन-अडीच शतकांत केव्हातरी कोणा मराठी माणसाला सुगंध तयार करण्याच्या कृती मराठीत समजावून सांगाव्याशा वाटल्या. कारागिराला संस्कृत येत नव्हते आणि गिऱ्हाइकाला वास हवा होता, म्हणून टीका मराठीत झाली असावी, असा माझा तर्क आहे. मराठीत अध्यात्मच लिहिले गेले असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

विस्तव आणि पाणी

या सगळ्या परंपरेकडे नीट पाहिले तर घर सुवासिक करण्याच्या दोन शाखा दिसतात. एक विस्तवाची आणि दुसरी पाण्याची.

विस्तवाची शाखा आपल्याला पटकन आठवते. धुपाटण्यातला निखारा, त्यावर पडणारा ऊद, संध्याकाळी घरभर फिरवलेला धूर. बाळंतिणीच्या खोलीतली ओवा-वावडिंगाची धुरीही याच शाखेतली. अरबांकडचा 'बखूर', म्हणजे तेलात मुरवलेल्या लाकडाच्या ढलप्या, आणि तो जाळायचा 'मब्खरा' हे आपल्या ऊद-धुपाटण्याचे सख्खे भाऊ आहेत.

पाण्याची शाखा गवगवा न करता चालत आली, म्हणून विसरली गेली. वाळ्याची जुडी माठात टाकली की पाणी सुवासिक होते. वाळ्याच्या ताट्या खिडकीला लावून त्यांवर पाणी शिंपडले की वारा गार आणि सुगंधी होऊन आत येतो. अबुल फझलने 'ऐन-इ-अकबरी'त अशा वाळ्याच्या ताट्यांच्या खोलीचे वर्णन केले आहे आणि तिचे श्रेय, दरबारी रिवाजाप्रमाणे, थेट बादशहाला देऊन टाकले आहे. विदर्भात उन्हाळा काढलेल्यांना त्यासाठी बादशहाची गरज नाही. कूलरच्या वाळ्यावर पहिले पाणी पडले की जो वास सुटतो तो त्यांना ठाऊक आहे. कानातला अत्तराचा फाया, गुलाबदाणी आणि दिवाळीच्या उटण्यातला वाळा-नागरमोथा, हे सगळे याच शाखेतले. यात काही जळत नाही. द्रव हळूहळू हवेत उडतो आणि जाताना वास मागे ठेवतो.

काड्यांची बाटली ही या दुसऱ्या शाखेची नात आहे. तिचा आजचा अवतार गेल्या तीसेक वर्षांत पाश्चात्त्य बाजारांतून जगभर पसरला, पण त्यामागची युक्ती वाळ्याच्या ताटीचीच आहे. म्हणून ती मला परकी वाटत नाही.

रुपया, मोती आणि अत्तर

आपली घरे आखातात आली त्याआधीपासून आखात मुंबईत होते. मोत्यांच्या काळात इथले व्यापारी आपला माल घेऊन मुंबईला जात आणि परतताना तांदूळ, कापड, मसाले आणि अत्तरे आणत. दुबई-अबुधाबीत चलनही भारतीय रुपयाच होते. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर इथल्या अमिरातींनी रुपया सोडला. दिरहॅम आला तो १९७३ साली. त्याआधीच्या पिढीतला वृद्ध अमिराती गृहस्थ मुंबईच्या गल्ल्यांची नावे घेतो, त्यात नवल नाही.

तेलाचा पैसा आल्यावर हा प्रवाह उलटा झाला आणि अत्तरवाले मुंबईहून दुबईला आले. आसामातल्या होजाईचे हाजी अजमल अली हे शेतकरी कुटुंबातले. ऊद घेऊन मुंबईत आले, १९५१ साली व्यवसाय सुरू केला आणि १९७० च्या दशकात त्यांच्या घराण्याने दुबईत दुकान थाटले. तीच आजची 'अजमल'. 'रसासी' ही दुसरी मोठी अत्तर कंपनी १९७९ साली दुबईत स्थापन केली अब्दुल रझाक काळसेकर यांनी. आडनाव ऐकताच कोकणातल्या माणसाचे कान टवकारतील. नवी मुंबईकरांना हे नाव पनवेलच्या अंजुमन-इ-इस्लामच्या तंत्रनिकेतनावर दिसते. मॉलमधल्या झगमगत्या दुकानात जे 'अस्सल अरबी' म्हणून आपण भारतात भेट न्यायला घेतो, त्याच्या कुळकथेत आसाम, मुंबई आणि कोकण असे सगळे आहेत. ज्यांना हा इतिहास डोळ्यांनी पाहायचा असेल त्यांनी खाडीकाठच्या अल शिंदघा वस्तुसंग्रहालयातले सुगंधाचे घर अवश्य पाहावे.

या भरभराटीची किंमत मात्र झाडांनी दिली. अगरूचे निरोगी लाकूड फिकट आणि जवळजवळ बिनवासाचे असते. झाडाला जखम होऊन बुरशी शिरली की ते प्रतिकार म्हणून राळ सोडते आणि ते राळभरले लाकूड म्हणजे ऊद. बाहेरून ते ओळखता येत नाही, म्हणून एका ऊदासाठी अनेक झाडे पडली. आसामचा अगरू १९९५ पासून वन्य प्रजातींच्या व्यापारावरील 'साइट्स' कराराच्या नियंत्रणाखाली आला, २००५ पासून अगरूच्या सगळ्याच जाती आल्या. निसर्गातला आसामी अगरू आज अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. आता बराचसा ऊद लागवडीच्या झाडांतून येतो.

धूर का गेला

एवढी विस्तवाची परंपरा असताना बाटली का आली? उत्तर वर पाहिले की दिसते. आपल्या फ्लॅटच्या छताला धूर ओळखणारे यंत्र बसवलेले आहे. खिडक्या बंद, हवा एसीची, भाडेकरारात नाना अटी. गणपतीच्या दिवसांत आरती रंगात आली की कोणीतरी खुर्चीवर चढून त्या यंत्राला प्लॅस्टिकची पिशवी बांधतो, हे दृश्य बहुतेकांनी पाहिले असेल. हे करू नये. पिशवी बांधायची आठवण सगळ्यांना असते, सोडायची कोणालाच नसते आणि उंच इमारतीतली आग शेजाऱ्यांचाही विचार करत नाही.

शिवाय धुराची दुसरी बाजूही पुढे आली आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी अमिरातीत वापरल्या जाणाऱ्या ऊदाच्या धुराची तपासणी करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि फॉर्माल्डिहाइड आढळले आणि त्या धुरात ठेवलेल्या मानवी फुप्फुसाच्या पेशींमध्ये दाहाची लक्षणे दिसली. वाड्यात, ओसरीवर, उघड्या अंगणात जो धूर सहज निघून जाई, तो बंद फ्लॅटमध्ये आपल्याच छातीत राहतो. धूर तोच आहे, बदलले आहे घर. दम्याचा त्रास असलेल्या घरात हे ध्यानात ठेवावेच.

बाटलीची निगा

बाटली चालते कशी, हे समजले की तिची निगा आपोआप समजते. निरांजनाची वात तूप वर ओढते, तोच नियम. काडी ही न पेटवलेली वात आहे. चांगल्या बाटलीतल्या काड्या वेताच्या असतात. वेतात या टोकापासून त्या टोकापर्यंत केसासारख्या बारीक नळ्या असतात आणि त्यांतून द्रव चढतो. बांबूला पेरे असतात, ती वाट अडवतात, म्हणून कबाबाच्या काड्या खोचून काटकसर करू नये, ती साधत नाही.

आतला द्रवही निवडलेला असतो. सुगंधी अर्क थोडा आणि बाकीचा पातळ, मंद उडणारा वाहक द्रव. बाजारातून आणलेले शुद्ध चंदनाचे किंवा ऊदाचे घट्ट तेल थेट बाटलीत ओतले तर ते काडीत नीट चढत नाही आणि चढलेच तर सावकाश उडते. पैसे जातात, वास येत नाही. ज्या बाटलीवर 'ऊद' लिहिलेले असते तिच्यात बहुधा प्रयोगशाळेतला ऊदासारखा वास असतो. नाक मुरडण्याचे कारण नाही. त्या नकलेमुळे एखादे अस्सल झाड वाचत असेल तर नक्कल बरी.

आता व्यवहाराच्या गोष्टी. वास कमी-जास्त करायचा तो काड्यांच्या संख्येने. न्हाणीघरात तीन-चार पुरतात, मोठ्या खोलीत सहा-आठ. नवी बाटली मांडली की काड्या तासाभराने एकदा उलटाव्यात, पुढे आठवड्यातून एकदा. रोज उलटल्यास द्रव लवकर संपतो. बाटली एसीच्या थेट झोतात किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. लोकांची ये-जा जिथे असते तिथे ठेवावी, जाण्यायेण्याने हवा हलते आणि वास पसरतो. इथली बारीक धूळ काड्यांच्या तोंडाशी बसते आणि नळ्या बुजतात. दोन-तीन महिन्यांनी वास मंदावला आणि द्रव मात्र शिल्लक असला तर दोष काड्यांचा समजावा आणि त्या बदलाव्यात. नवा वास भरताना जुन्या काड्या वापरू नयेत, दोन वासांची खिचडी होते.

द्रव सांडला तर लाकडाचे पॉलिश जाते, म्हणून खाली काचेची बशी असावी. तो पेट घेणारा असतो. समई, निरांजन, शेगडी यांच्याजवळ बाटली ठेवू नये, देवघरात तर नकोच. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये आणि घरात मांजर असेल तर विशेष जपावे, काही सुगंधी तेले मांजरांना बाधतात. धूर नाही म्हणजे सगळे निर्धोक असेही नव्हे. डोके दुखू लागले, श्वास जड वाटला तर बाटली बंद करावी. उरलेला द्रव मोरीत ओतू नये.

उन्हाळ्याच्या सुटीत महिना-दोन महिने भारतात जाताना काड्या काढून फडक्यात गुंडाळाव्यात आणि बाटलीला बूच लावावे. एसी बंद असलेल्या घरात जुलै-ऑगस्टमध्ये ती उघडी राहिली तर परत येईपर्यंत तळ दिसतो.

ऊद आला की उठावे

निगेचे झाले. आता जी चाल बदलली असे आरंभी म्हटले तिच्याकडे येतो.

अरबांकडे एक म्हण आहे, तिचा आशय असा, ऊद फिरला की मग बसायचे नाही. जेवण झाले, कॉफी झाली, गप्पा झाल्या की यजमान मब्खरा आणतो. प्रत्येक जण धूर कपड्यांत, दाढीत, गुत्र्यात घेतो आणि उठतो. पाहुण्याला 'आता निघा' असे तोंडाने म्हणावे लागत नाही, सुगंध ते सांगतो आणि वर घरी न्यायला आठवणही देतो. आपल्याकडे हेच काम अत्तरगुलाबाचे. दरबार असो, लग्नातली बैठक असो की हळदीकुंकू, अत्तर लागले, गुलाब शिंपडले, पानसुपारी हातात आली की समजावे, आता उठायचे. दोन्ही काठांवर सुगंधाला वेळ होती. संध्याकाळ झाली की ऊद, पाहुणा निघाला की अत्तर, बाळाला न्हाऊ घातले की धुरी. सुगंध ही एक घटना होती आणि ती कोणीतरी, हाताने, दुसऱ्यासाठी घडवत असे.

बाटलीला वेळ नाही. ती अहोरात्र चालू असते आणि तिला कोणी लागत नाही. याचा परिणाम नाकावर होतो, कारण सततचा वास नाक थोड्याच वेळात ऐकेनासे होते. पाहुण्याला दारातच वास येतो, घरच्यांना येतच नाही. मग घरचे आणखी काड्या खोचतात, आणखी उग्र बाटली आणतात आणि पाहुण्याचे डोके दुखते. यात दोष बाटलीचा नाही, तिला वेळ न दिल्याचा आहे.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. बाटलीलाही वेळ लावून द्यावी. एरवी काड्या काढून बूच लावून ठेवावे. कोणी येणार असेल, शनिवारी संध्याकाळी चार घरची मुले जमणार असतील, सण असेल, तेव्हा ती उघडावी. काड्या खोचण्याचे आणि उलटण्याचे काम मुलांना द्यावे. पूर्वी धुपाटण्यात ऊद टाकण्याचा मान घरातल्या एखाद्या पोराला मिळे, तसा. द्रव जास्त दिवस पुरतो आणि वासाला पुन्हा अर्थ येतो.

शिवाय एक जुनी गोष्ट बाटलीच्या शेजारी ठेवायला हरकत नाही. ती म्हणजे गुलाबदाणी. तिला विस्तव लागत नाही, धुराचे यंत्र तिच्यावर आक्षेप घेत नाही. गुलाबपाणी इथल्या कोणत्याही किराणा दुकानात मिळते. इमारतीतला अमिराती, इराणी किंवा केरळी शेजारी घरी आला असेल आणि निघताना त्याच्या हातावर दोन थेंब शिंपडले तर त्याचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागणार नाही. कार्ल्याच्या गांधिकाच्या काळापासून या समुद्राच्या दोन्ही काठांना तो समजत आला आहे.